गुरुवारी साक्ष द्यायचीय आणि माझ्याकडे सांगायला काहीच नाही

पत्र असं आहे:

"मावशी, सलाम. मी सांगलीची, वय 23, बीकॉम झालंय. मागच्या रविवारी इंग्लंडच्या उत्तरेला एका मिशनरी ट्रेनिंग स्कूलमध्ये आले, सहा महिन्यांचा कोर्स आहे, आधी तीन महिने क्लास आणि मग टीम करून आउटरीचला, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष सेवेला, पाठवतात. उद्या एक आठवडा होईल आणि मला रोज वाटतंय की माझं काहीतरी चुकलंय. इथे दुपारी चारला अंधार पडतो. रूममध्ये आम्ही चौघी, एक ब्राझीलची, एक कोरियाची, एक जर्मन. सगळ्या चांगल्या आहेत पण त्या बोलतात तोवर मी मनात वाक्य जुळवत असते आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. सकाळी वर्शिपला सगळे हात वर करून रडतात, मला रडू येत नाही. प्रार्थनेला सगळे एकदम मोठमोठ्यानं बोलतात, मी नुसते ओठ हलवते. ड्यूटी टॉयलेट साफ करायची लागलीय, त्याचं काही नाही, पण डायरेक्टर सरांना नावानं हाक मारायची म्हणे, ते माझ्याच्यानं होत नाही. बुधवारी क्लासमध्ये जगाचा नकाशा लावला, त्यात आपला भाग लाल होता, म्हणजे जिथे मिशनचं काम झालेलं नाही असा, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आमच्या शेजारच्या काकू आठवल्या, 2019 च्या पुरात आम्ही आठवडाभर त्यांच्या माडीवर राहिलो होतो. मला काय बोलावं कळेना. येत्या गुरुवारी मला साक्ष द्यायचीय, म्हणजे देवानं माझ्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचंय, इंग्लिशमध्ये. इथे एकजण ड्रग्जमधून सुटलेला, एकीनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता, ऐकून अंगावर काटा येतो. माझं काय? आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती, आई संडे स्कूल घेते, मी जन्मल्यापासून चर्चमध्ये. मला खरंच देवाचं बोलावणं आहे का, की लोकांनी पाठवलं म्हणून आले? फीसाठी पप्पांनी पतसंस्थेचं कर्ज काढलंय, आमच्या चर्चच्या मंडळीनं खास दान गोळा केलं, निरोपाच्या उपासनेत शाल दिली. आईला रोज सांगते मस्त चाललंय. परत येऊ का?"

सलाम गं बाळ. गुरुवार तोंडावर आलाय म्हणून बाकीची पत्रं मागे ठेवून आधी तुला लिहितेय. चार वेळा वाचलं मी ते. तू विचारलंयस बोलावण्याबद्दल, पण पत्रातली निम्मी वाक्यं भाषेबद्दलची आहेत, बघ परत वाचून. वाक्य जुळेपर्यंत विषय बदलतो, नुसते ओठ हलवते, काय बोलावं कळेना, साक्ष इंग्लिशमध्ये. तुझा विश्वास आटलाय असं मला त्यात कुठेच दिसलं नाही, तुझी मराठी आठवडाभर बंद पडलीय एवढं मात्र स्वच्छ दिसलं. आणि तू आजवर देवाशी जे काही बोललीस ते सगळं मराठीतच बोललीस ना. मग ती भाषा तोंडातून काढून घेतल्यावर देव लांब गेल्यासारखा वाटला तर त्यात नवल काय.

पण आधी शरीराचं उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे आणि आपली माणसं ते पाप-पुण्याच्या खात्यात टाकतात. जानेवारीत इंग्लंड आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एखादा तास सरकतं म्हणतात, म्हणजे तुझं अंग आत्ता कुठे तिथे पोचतंय, मन अजून वाटेतच असेल. त्यात तिकडे उत्तरेला सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि चारच्या आसपास मावळतो, सांगलीत याच दिवसात अकरा तास उजेड असतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत रूममध्ये जाऊन पांघरूण ओढू नकोस, कोट घालून वीस मिनिटं बाहेर चाल, ढग असले तरी चाल. दुपारी झोपायचंच नाही. आणि आईनं बॅगेत भरून दिलेलं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी कपाटात जपून ठेवली असशील तर ती काढ आणि टेबलावर ठेव, चौघींना दे. त्या कोरियाच्या मुलीला तिखटाचं काही नवल नाही, तिचं आणि तुझं तिथेच जमेल बघ.

मी 1986 साली अशाच एका बायबल शाळेत परदेशी नऊ महिने होते. तेव्हा फोन नव्हते, म्हणजे होते पण आपल्याला परवडणारे नव्हते, निळ्या एरोग्रामवर पत्र लिहायचं, ते साताऱ्याला पोचायला दोन आठवडे आणि उत्तर यायला परत दोन. पहिल्या आठवड्यात मी तिथल्या चर्चच्या मागच्या बाजूला एक झाड होतं तिथे जाऊन मोठ्यानं मराठीत बोलायचे, कोणाशी नाही, नुसतीच, आज काय झालं, काय खाल्लं, कोण काय म्हणालं. दोन-तीन दिवस असं केल्यावर माझ्या लक्षात आलं की मी प्रार्थनाच करतेय. तोपर्यंत मला वाटत होतं की मी प्रार्थना करू शकत नाही. म्हणून तुला पहिलं काम हेच सांगते, रोज सकाळी तुम्हाला जो एकांताचा वेळ देतात ना, त्यात इंग्लिश बायबल मिटून ठेव आणि मराठी बायबल काढ, मोबाईलवर असेलच. मोठ्यानं वाच. रूममध्ये लाज वाटत असेल तर बाहेर जा. आणि सगळे एकदम प्रार्थना करतात तेव्हा तर फारच सोपं आहे, त्या गोंधळात कोण कुठल्या भाषेत बोलतंय कोणाला कळतंय? ब्राझीलची मुलगी पोर्तुगीजमध्ये करत असणार, कोरियाची कोरियनमध्ये. तू एकटीच इंग्लिश जुळवत बसलीयस.

या एकदम मोठ्यानं करायच्या प्रार्थनेबद्दल जरा सांगू दे मला, कारण तुला ती परकी वाटलीय आणि ती परकी नाहीये. कोरियाच्या मंडळ्यांमध्ये ही पद्धत पक्की आहे, 1907 साली प्योंगयांगला मोठं संजीवन झालं, म्हणजे विश्वासाची नवी लाट आली, तेव्हापासूनची म्हणतात. पण त्याच्या दोन वर्षं आधी, 1905 च्या जूनमध्ये, आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये हेच झालं होतं. दुष्काळातून आणलेल्या, विधवा, टाकून दिलेल्या शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करत होत्या, आणि त्या मुली कुठल्या भाषेत रडत-बोलत असतील? आपल्याच. पुणे जिल्ह्यातलं केडगाव, सांगलीहून पुण्याच्या पुढे सोलापूरच्या रस्त्याला लागलं की येतं. तेव्हा त्या कोरियाच्या मुलीला हे जरूर सांग, तिलाही आवडेल. आणि रडू येत नाही म्हणून स्वतःला टोचू नकोस. आपल्या मंडळीत माणसं भजनाला टाळी वाजवतात, मान डोलवतात, डोळे पुसायचे तर पदरानं हळूच पुसतात. तुला त्याची सवय. हात वर करावेसे वाटले तर कर, नाही वाटले तर मांडीवर ठेव, हातांवरून कोणी मोजत नसतं, आणि मोजत असेल तर ती मोजणाऱ्याची चूक.

रमाबाईंचं नाव निघालंच आहे तर, त्याही 1883 साली इंग्लंडलाच गेल्या होत्या हे तुला माहीत असेल. वाँटेजला, सिस्टरांच्या आश्रमात, बरोबर दोनेक वर्षांची मुलगी मनोरमा, इंग्लिश धड येत नव्हतं, तिथे जाऊन शिकल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून बाईंनी सगळं सोडलं नाही, शाकाहारी होत्या त्या शाकाहारीच राहिल्या, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरं आहेत म्हटल्यावर त्यांनी विचारलं की लॅटिन का, संस्कृत का नको. विचार कर, परक्या देशात, दुसऱ्यांच्या छताखाली राहून, हे विचारायचं. सिस्टरांना ते खटकलं, बरीच पत्रापत्री झाली. पण पुढे याच बाई केडगावला बसून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं काम करत राहिल्या, 1922 मध्ये गेल्या तोवर. मला नेहमी वाटतं की वाँटेजला त्यांनी आपली भाषा खाली ठेवली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आणि हे तुमच्या क्लासमध्येही शिकवतीलच कधीतरी, की जे मिशनरी आपल्याकडे आले त्यांनी आधी काय केलं? मराठी शिकले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 ला मुंबईत उतरले, ते अमेरिकन मराठी मिशन, नावातच मराठी बघ. विल्यम केरी तर तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला होता, तरी त्यानं 1805 ला मराठीचं व्याकरण छापलं आणि 1811 ला मराठी नवा करार. परक्यांनी आपल्या भाषेसाठी एवढं केलं, आणि आपली मुलगी मिशनरी व्हायला गेली की पहिल्या आठवड्यात तिला वाटतं आपली भाषा म्हणजे अडचण. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, पवित्र आत्मा उतरला तेव्हा, यरुशलेमात काय झालं ते तू संडे स्कूलमध्ये शंभरदा ऐकलंयस, पार्थी, मेदी, एलामी असे देशोदेशीचे लोक जमले होते, सगळ्यांना एकच भाषा आली असं झालं नाही, प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं.

आता गुरुवार.

साक्ष हा शब्द कोर्टातला आहे. साक्षीदाराला तिथे एवढंच विचारतात की तू काय पाहिलंस. तुझ्यावर काय भयंकर गुदरलं हे विचारत नाहीत, ते दुसऱ्या कोणावर गुदरलेलंही असेल आणि तू फक्त पाहिलेलं असेल. मग तू काय पाहिलंस? तू आजीला पाहिलंस. पत्रात तू एका ओळीत तिला संपवलंस गं, "आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती", आणि पुढे गेलीस. मी थांबले तिथे. ते हॉस्पिटल 1894 चं, डॉक्टर विल्यम वानलेस यांनी उभं केलेलं, कर्नाटकातून, कोकणातून, कुठून कुठून गाड्या भरून पेशंट यायचे मिरजेला. तिथल्या वॉर्डात नर्स असणं म्हणजे काय असेल? ती रात्रपाळी करून आल्यावर आधी काय करायची? वॉर्डात जात-पात बघून पाणी पिणारे पेशंट यायचे त्यांचं ती काय सांगायची? कोणी दगावलं की घरी येऊन गप्प बसायची का? प्रार्थना मोठ्यानं करायची की मनात? तिचे हात कसे होते? हे तुला माहीत आहे, मला नाही, आणि त्या खोलीतल्या कोणालाच नाही. हीच तुझी साक्ष.

बायबलमधलं, पौलानं आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहिलेलं दुसरं पत्र काढ, पहिला अध्याय, पाचवं वचन. तिथे तो तीमथ्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना म्हणतो की हा विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता, मग आई युनीके हिच्यात. नावं घेतलीयत दोघींची. आता पौलाची स्वतःची साक्ष कसली होती? दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, रस्त्यावर उजेड, आवाज, तीन दिवस आंधळा. तुझ्या क्लासमधल्या त्या ड्रग्जवाल्या मुलासारखी, अंगावर काटा आणणारी. आणि ज्याला तो आपलं लेकरू म्हणतो, ज्याच्यावर मंडळ्या सोपवतो, त्या तीमथ्याची गोष्ट दोन बायकांच्या घरातली. पौलाला त्यात काही कमी वाटलं नाही, उलट त्यानं त्याची आठवण करून दिली. तू त्या मुलाच्या साक्षीला मान दे, मनापासून दे, त्याला मरणातून ओढून काढलंय. पण तुझ्या आजी-आईनं तुला त्या खड्ड्यापर्यंत जाऊच दिलं नाही, त्यासाठी त्यांनी वीस-बावीस वर्षं काय काय केलं असेल ते कोणी सांगायचं?

कसं करायचं ते सांगते. सोमवारी रात्री बस आणि मराठीत लिही, आजी कशी होती यातला एकच प्रसंग, लांबलचक नको, एकच. मग आईचं थोडं. मग तुझं, की एवढं सगळं ऐकत वाढून तुला स्वतःला कधी पहिल्यांदा वाटलं की हे माझं आहे, आजीचं नव्हे. असा दिवस आठवत नसेल तर तेही तसंच सांग, आठवत नाही म्हणून. मंगळवारी त्याचं छोट्या छोट्या वाक्यांत इंग्लिश कर, दहा-बारा शब्दांपेक्षा मोठं वाक्य नको, आणि त्या जर्मन मुलीला वाचून दाखव, तिचीही इंग्लिश ही दुसरीच भाषा आहे, ती तुला समजून घेईल. गुरुवारी कागद हातात धरून वाच, पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. आणि सुरुवातीला एक मिनिट मराठीत प्रार्थना कर, मोठ्यानं, भाषांतर न करता. परवानगी विचार आधी, देतील, अशा शाळांना हे आवडतंच. ते एक मिनिट तुला तुझ्या पायावर उभं करेल.

एक मात्र बजावून सांगते, मोठी करून सांगू नकोस. शेजारचा रडवतोय म्हणून आपणही थोडं मीठमसाला लावावा असा मोह होतो, मी माणसं पाहिलीत ज्यांनी विशीत साक्ष फुगवली आणि मग साठीपर्यंत तीच फुगलेली साक्ष सांगत फिरावं लागलं, कारण आता कमी कशी करणार. तू खरं तेवढंच सांग. "मला इथे एक आठवडा झाला आणि मला परत जावंसं वाटतंय" हेही खरं आहे, तेही सांगितलंस तर चालेल. बहुतेक आणखी दोघे-तिघे मान खाली घालून तेच मनात म्हणत असतील.

नकाशाचं. याच्यावर मला जास्त बोलायचंय, कारण तुझ्या पत्रातलं हे मला सगळ्यात जास्त लागलं.

तो जो पट्टा दाखवतात तो बहुतेक 10/40 खिडकी म्हणतात तो असावा, उत्तर अक्षांश 10 ते 40, आफ्रिकेच्या पश्चिमेपासून पार पूर्व आशियापर्यंत, 1990 च्या सुमारास हे नाव रूढ झालं. सांगली साधारण 17 अंशावर, म्हणजे बरोबर त्यात बसते. ज्यांनी तो नकाशा काढला त्यांच्या मनात वाईट नव्हतं, कुठे काम झालं नाही ते बघायला तो काढला. पण लाल रंगात काकू दिसत नाहीत. पूर आल्यावर कृष्णा घरात शिरली तेव्हा वरून दोर सोडून सामान ओढून घेणारे, आपल्या चुलीवर तुमचा भात टाकणारे लोक लाल रंगात दिसत नाहीत. तुला काय बोलावं कळेना असं तू लिहिलंस, मला वाटतं तुला नीट कळत होतं, फक्त ते बोलायची तिथे रीत आहे की नाही हे कळत नव्हतं. आहे, आणि नसेल तर तू पाड. पुढच्या वेळी कोणी इंडियाबद्दल विचारलं तर काकूंचं सांग. सांग की आम्ही ख्रिस्ती आणि त्या गणपती बसवणाऱ्या, आणि आठवडाभर आमच्या प्रार्थना त्यांच्या माडीवर झाल्या. आणि हेही सांग की आमच्याकडे शुभवर्तमान काही काल आलेलं नाही, आमच्या शेजारच्या गावात मिशन हॉस्पिटल उभं राहून सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त झाली, आणि मराठीत बायबल छापून दोनशेवर वर्षं झाली.

माझं मत असं आहे, आणि सगळ्यांना पटेल असं नाही, की ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घरातल्या माणसाला कोणी टार्गेट म्हटलं तर तिथे गप्प बसू नये. काकूंसाठी प्रार्थना कर, जरूर कर, पण पहिली प्रार्थना त्यांच्यासाठी आभाराची असू दे. आपली श्रद्धा त्यांना सांगायला काहीच हरकत नाही, त्यांनी विचारलं तर तासभर सांग, त्यांची ऐकून घ्यायची तयारी ठेवून सांग. आमच्या साताऱ्यातच रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 ला येऊन राहिले, मिशनचा पगार सोडून, आणि देवाचा दरबार सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळ्यांना जागा होती. जन्मानं ब्राह्मण, 1895 ला ख्रिस्ती झाले, पण तुकोबांचं ऋण त्यांनी कधी लपवलं नाही, आणि ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारणारी त्यांची भक्तिगीतं आपण अजून म्हणतो. इथली माती झटकून टाका म्हणजे मग ख्रिस्त भेटेल असं त्यांनी केलं नाही. तू त्यांच्या वाटेवरची आहेस, हे तिकडे कोणाला माहीत असायचं कारण नाही, पण तुला माहीत पाहिजे.

डायरेक्टरांना नावानं हाक मारायचं सोड, ब्रदर लावून बोल, ते होत नसेल तर सर म्हण, कोणी रागवायचं नाही. टॉयलेटची ड्यूटी तू मनाला लावून घेतली नाहीस हे वाचून बरं वाटलं. अशा बऱ्याच शाळांत शिकवणाऱ्यांना सुद्धा पगार नसतो, त्यांचा खर्च त्यांच्या मंडळ्या आणि मित्र उचलतात, म्हणून झाडू, भांडी, स्वयंपाक सगळेच वाटून करतात. ही त्यातली चांगली गोष्ट.

परत येऊ का, असं विचारलंयस. येऊ शकतेस. हे मी आधी सांगते कारण दार बंद आहे असं वाटलं की माणूस आतल्या आत गुदमरतो. मार्क, योहान मार्क, पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याबरोबर सुवार्ता सांगायला निघाला आणि वाटेत पंफुल्यातूनच यरुशलेमला परत गेला. पुढच्या खेपेला त्याला न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांचं एवढं वाजलं की दोघे वेगळे झाले, बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला, म्हणजे सायप्रसला, गेला. आणि म्हातारपणी तुरुंगातून तोच पौल लिहितो की मार्कला घेऊन ये, मला त्याचा उपयोग आहे. तेव्हा परत आलेल्या माणसाचं सगळं संपतं असं नाही. पण पहिल्या आठवड्यात ठरवू नकोस. चौथ्या रविवारी कॅलेंडरवर खूण कर आणि त्या दिवशी स्वतःला परत विचार, तोपर्यंत हा प्रश्न रोज रात्री उशाला घेऊन झोपायचं नाही. केरी 1793 ला आला आणि पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल याचा, 1800 च्या डिसेंबरात झाला, सात वर्षांनी. तुला तर सातच दिवस झालेत.

मात्र काही गोष्टी अशा आहेत की त्या झाल्या तर चौथा रविवार वगैरे विसर आणि लगेच नीघ. पासपोर्ट कोणी ठेवून घ्यायला मागितला तर द्यायचा नाही, तुझा पासपोर्ट तुझ्याकडे. घरी फोन करू नको म्हणाले, ठरलेल्या फीशिवाय घरच्यांना न सांगता पैसे मागितले, शंका विचारली म्हणून विश्वासात कमी आहेस असं सगळ्यांसमोर म्हणाले, किंवा कोणीही, तो कितीही मोठा देवाचा माणूस असो, एकटीला गाठून अंगचटीला आला, तर हे सहन करणं म्हणजे सेवा नव्हे. तिथला इमर्जन्सी नंबर 999, 112 पण चालतो, आणि लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह कर. तुझ्या पत्रात यातलं काहीच दिसत नाही, तरी सांगून ठेवते. आणि तुमच्या छोट्या ग्रुपची जी लीडर असेल तिला सोमवारीच गाठून सांग की मला झोप येत नाहीये आणि इंग्लिशमध्ये मी मागे पडतेय. एवढं कळलं की ती हळू बोलायला लागेल, बाकीच्यांनाही सांगेल. त्यांना अंदाज नसतो गं, तुझा चेहरा हसरा असेल, त्यांना वाटत असेल सगळं समजतंय.

कर्जाचं आणि शालीचं. मंडळीनं दान दिलं ते तू हसत राहावीस म्हणून दिलं नाही. महिन्याला एक पत्र लिही पाळकांना, रविवारी वाचून दाखवतील, त्यात खरं लिही, थंडी लिही, टॉयलेटची ड्यूटी लिही, लोकांना काय प्रार्थना करायची ते कळेल तरी. पप्पांच्या कर्जाचा हप्ता किती आहे ते त्यांना विचारून घे आणि तुझ्या वहीत लिहून ठेव, आल्यावर त्यातला किती तू उचलणार तेही. न विचारलेली रक्कम फार मोठी वाटते.

आणि आई. मी 1986 ला पहिल्या एरोग्रामवर लिहिलं होतं, सगळं छान आहे, जेवण छान आहे, लोक छान आहेत. महिन्यानं आईचं उत्तर आलं, त्यात एकच गोष्ट होती, की तू एवढ्या लांबून पत्र लिहिलंस आणि अर्धा कागद कोरा ठेवलास, तू कधी अर्धा कागद कोरा ठेवणारी नाहीस, काय झालंय ते लिही. मी ते पत्र घेऊन त्या झाडाखाली जाऊन खूप रडले, आणि त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपले. तुझी आई संडे स्कूल घेते, पन्नास पोरांचे चेहरे दर रविवारी वाचते, तिला तुझा व्हिडिओ कॉलवरचा चेहरा वाचता येत नसेल असं तुला वाटतं का? ती विचारत नाहीये कारण तू सांगत नाहीयेस. तिलाच विचार आजीच्या रात्रपाळीचं, गुरुवारसाठी हवंय म्हणून, आणि मग बोलता बोलता बाकीचं सांग.

तिकडे दुपारचे तीन वाजले की सांगलीत साडेआठ होतात, जेवणं उरकलेली असतात, पप्पाही घरात असतात. उद्या रविवार आहे, तुला क्लास नाही. तीनला फोन लाव, अजून उजेड असेल तेव्हा, आणि बाहेर उभी राहून लाव.

– मावशी, सातारा